कंटेनरला उपकरण द्यायचे तर कोणत्या वाटेने?

लिनक्सवर चालणारा एक लहानसा सर्व्हर डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या एका यूएसबी पोर्टाला वजनकाट्याकडून आलेली सिरियल केबल जोडलेली आहे, दुसऱ्या पोर्टात झिग्बी या बिनतारी जाळ्याचा डोंगल आहे आणि आत व्हिडिओ रूपांतरासाठी ग्राफिक्स कार्ड बसवलेले आहे. ही तिन्ही उपकरणे ज्या प्रोग्रामांना हवी आहेत ते मात्र डॉकर किंवा पॉडमॅन या साधनांच्या कंटेनरांत, म्हणजे उरलेल्या प्रणालीपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यांत, चालतात. कंटेनरची रचनाच मुळी आतल्या प्रोग्रामला बाहेरचे फारसे काही दिसू नये अशा बेताने केलेली असल्यामुळे, उपकरण आत पोचवायचे म्हणजे त्या भिंतीला भोक पाडणे आले. ते पाडण्याच्या निदान पाच-सहा रीती आज उपलब्ध आहेत, आणि घाईत मिळणारी बहुतेक तयार उत्तरे त्यांपैकी सर्वांत मोठे भोक पाडणारी रीत सुचवून मोकळी होतात. कोणती रीत कोठे योग्य ठरते, हे पुढे मुख्यतः याच तीन उपकरणांच्या आधाराने तपासले आहे.

वाट अडवणारे चौघे

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, प्रक्रिया, नेटवर्क, माउंट आणि वापरकर्ते यांच्यासाठी वेगवेगळे नेमस्पेस, म्हणजे प्रत्येक कंटेनरला आपापला वेगळा देखावा दाखवणारे पडदे, आहेत. उपकरणांसाठी मात्र तसा नेमस्पेस नाही. प्रत्येक उपकरणाला कर्नल एक मेजर आणि एक मायनर क्रमांक देतो आणि हे क्रमांक होस्टवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या मूळ प्रणालीवर, जे असतात तेच सर्व कंटेनरांसाठीही असतात. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरांचा मेजर क्रमांक १८८, मोडेमसारख्या एसीएम उपकरणांचा १६६, कच्च्या यूएसबी उपकरणांचा १८९, कॅमेऱ्यांचा ८१, ध्वनीचा ११६ आणि ग्राफिक्सचा २२६ असतो. यांपैकी १८९ हा आकडा पुढे उपयोगी पडेल.

उपकरण सर्वांना सामाईक असल्यामुळे अडवणूक चार वेगळ्या ठिकाणी होते. पहिली गोष्ट म्हणजे कंटेनरच्या आतल्या ‘डेव्ह’ फोल्डरात त्या उपकरणाची फाइलच नसते. डॉकर तेथे नल, झिरो, रँडम, टीटीवाय अशी मोजकी निरुपद्रवी उपकरणे तेवढी ठेवतो. दुसरा पहारा सीग्रुपचा, म्हणजे प्रक्रियांच्या गटाला काय वापरता येईल हे ठरवणाऱ्या कर्नलच्या सोयीचा. सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीत यासाठी परवानगीची यादी असे, दुसऱ्या आवृत्तीत तेच काम कर्नल ४.१५ पासून कर्नलच्या आतच चालणारा एक लहानसा ईबीपीएफ प्रोग्राम करतो. तिसरा पहारा नेहमीच्या फाइल-परवानग्यांचा, म्हणजे मालक, गट आणि इतर यांचा. चौथा फेडोरा किंवा रेड हॅटच्या घराण्यात भेटतो, तो एसई-लिनक्सचा, म्हणजे फाइली व प्रक्रियांना लेबले लावून त्यांवरून परवानगी ठरवणाऱ्या सुरक्षा-थराचा.

निर्णय घेण्याआधी नेमके कोण अडवत आहे हे ओळखता येते, आणि त्यासाठी त्रुटीचा संदेश नीट वाचणे पुरेसे असते. ‘नो सच फाइल’ असा संदेश आला तर फाइलच आत पोचलेली नाही. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आले तर बहुधा सीग्रुपने नाकारले आहे. ‘परमिशन डिनाइड’ आले तर दोष फाइल-परवानगीचा किंवा एसई-लिनक्सचा आहे. शेवटचे दोन संदेश मराठीत सारखेच वाटावेत इतके जवळचे असल्यामुळे अनेकजण गटाच्या परवानगीचा प्रश्न सीग्रुपच्या मार्गाने सोडवू पाहतात, आणि ते जमले नाही की ‘प्रिव्हिलेज्ड’ या बंधने उठवणाऱ्या पर्यायाचा आधार घेतात.

प्रिव्हिलेज्ड: सर्व दारे एकदम

हा पर्याय डॉकरमध्ये २०१३ पासून आहे आणि तो चारही पहारे जवळजवळ एकाच वेळी उठवतो. होस्टची सर्व उपकरणे आत दिसू लागतात, सीग्रुपची अट जाते, कर्नलच्या सर्व कॅपॅबिलिटी, म्हणजे प्रशासकाचे सुटे-सुटे अधिकार, मिळतात, प्रोग्रामच्या हालचालींवर मर्यादा घालणारी सेककॉम्प आणि ॲप-आर्मर ही कवचे निघतात, आणि ‘सिस’ फोल्डरात लिहिण्याची मुभाही मिळते. सिरियल पोर्ट वाचणाऱ्या प्रोग्रामला यांतले नव्वद टक्के काही नको असते. पण त्या प्रोग्राममध्ये एखादी फट सापडली, तर आत शिरलेल्याला होस्टची हार्डडिस्क माउंट करून, म्हणजे आपल्या फोल्डरांत जोडून घेऊन, तिच्यावरच्या कोणत्याही फाइलमध्ये बदल करता येतो. त्यासाठी कोणतीही खास विद्या लागत नाही, कारण डिस्क हेही एक उपकरणच आहे आणि तेही आत दिसत असते.

या पर्यायाच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद असा, की निदान उपकरण काढले-घातले तरी चालते. तो खरा नाही. प्रिव्हिलेज्ड कंटेनरच्या आतली उपकरणांची यादी कंटेनर सुरू होताना तयार होते; त्यानंतर जोडलेल्या उपकरणाची फाइल आपोआप आत उगवत नाही, परवानगी असूनही नाही. म्हणजे ज्या सोयीसाठी एवढी मोठी किंमत मोजली ती सोयही पूर्ण हाती येत नाही. हा पर्याय निदानापुरता वापरावा: याने चालले आणि इतर रीतींनी चालले नाही, तर प्रश्न परवानगीचा आहे, ड्रायव्हरचा नाही, एवढे कळते आणि मग तो काढून टाकता येतो. माझ्या मते नित्य चालणाऱ्या सेवेत त्याला जागा नाही. अपवाद करायचाच तर डिस्कचे विभाजन करणाऱ्या किंवा होस्टचीच देखभाल करणाऱ्या कंटेनरांचा करावा, कारण त्यांचे कामच होस्टला हात लावण्याचे असते.

एक उपकरण, नावानिशी

ऑगस्ट २०१४ मध्ये आलेल्या डॉकर १.२ पासून ‘डिव्हाइस’ हा पर्याय मिळाला. होस्टवरची फाइल कोणती, कंटेनरात ती कोणत्या नावाने दिसावी आणि वाचणे, लिहिणे व फाइल निर्माण करणे यांपैकी कोणती मुभा द्यावी, एवढे त्यात सांगायचे असते. डॉकर ती फाइल आत निर्माण करतो आणि सीग्रुपमध्ये नेमक्या त्याच मेजर-मायनर जोडीला परवानगी देतो. बाकीची कवचे जागची हलत नाहीत. डॉकरच्या कंटेनरात उपकरण न्यायचेच असेल, तर वजनकाट्यासारख्या एकाच जागी कायम जोडलेल्या उपकरणासाठी यापेक्षा चांगली रीत सुचवता येणार नाही, फक्त तिचे एक वैगुण्य आधी समजून घ्यावे लागते.

यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरला मिळणारा टीटीवाय-यूएसबी-० किंवा १ हा क्रमांक त्याची ओळख नसून रांगेतला नंबर असतो. जो आधी सापडला त्याला ०, नंतरच्याला १. आमच्याकडे एका पावसाळी रात्री वीज जाऊन परत आली आणि दोन कन्व्हर्टरांनी आपापले क्रमांक बदलून घेतले. वजनाचा प्रोग्राम सकाळपर्यंत बारकोड वाचकाच्या पोर्टावर कान लावून बसला होता आणि त्याच्या नोंदवहीत एकही त्रुटी नव्हती, कारण पोर्ट उघडण्यात त्याला काहीच अडचण आली नव्हती. दुसरा प्रकार याहून नित्याचा आहे. प्रोग्रामने पोर्ट उघडून धरलेले असताना केबल निघाली आणि पुन्हा बसवली, तर जुना ० क्रमांक अजून मोकळा झालेला नसतो, म्हणून उपकरण १ होऊन परत येते. कंटेनरला मात्र परवानगी ० चीच आहे.

यावर उपाय असा, की होस्टच्या बाजूला रांगेतला क्रमांक न लिहिता ‘सिरियल’ फोल्डरातल्या ‘बाय-आयडी’ खालची वाट लिहावी. ही वाट होस्टवर उपकरणांच्या फाइली सांभाळणारा यूडेव्ह हा प्रोग्राम तयार करतो, तिच्यात निर्मात्याचे नाव आणि उपकरणाचा अनुक्रमांक असतो, आणि डॉकर कंटेनर सुरू करताना दर वेळी ती दुव्यावरून मूळ फाइलपर्यंत जाऊन पाहतो. कंटेनरच्या आत नाव कायम टीटीवाय-यूएसबी-० असेच ठेवता येते, त्यामुळे प्रोग्रामच्या मांडणीत बदल करावा लागत नाही. मात्र कन्व्हर्टर खरेदी करतानाच एक गोष्ट पाहून घ्यावी. एफटीडीआय चिपच्या कन्व्हर्टरांना सहसा वेगवेगळे अनुक्रमांक असतात. स्वस्तातल्या सीएच-३४० चिपला बहुधा अनुक्रमांकच नसतो आणि सीपी-२१०२ च्या अनेक नगांवर तो ०००१ असाच छापून आलेला असतो. एकसारखे दोन नग असतील तर ‘बाय-आयडी’ कामाचे नाही. तेव्हा ‘बाय-पाथ’ वापरावे, म्हणजे ओळख उपकरणाची न राहता पोर्टाची होते, आणि मग कोणती केबल कोणत्या पोर्टात हे पाटीवर लिहून चिकटवावे लागते.

दोन मर्यादा तरीही उरतात. कंटेनर सुरू होताना उपकरण जोडलेले नसेल तर कंटेनर सुरूच होत नाही. आणि चालू असताना केबल निघून परत लागली तर कंटेनर पुन्हा सुरू केल्याशिवाय नवी फाइल दिसत नाही. होस्टवर यूडेव्हचा एक नियम लिहून, उपकरण आले की कंटेनर पुन्हा सुरू होईल अशी व्यवस्था करता येते, आणि एका काट्यासाठी ती पुरेशी आहे.

कंटेनरातला प्रोग्राम रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, नसेल, आणि तो नसावाच, तर तिसऱ्या पहाऱ्याचा विचार करावा लागतो. डेबियनमध्ये सिरियल पोर्ट ‘डायलआउट’ गटाचे असतात आणि त्या गटाचा क्रमांक २० असतो. व्हिडिओ गटाचा ४४. कंटेनरला जादा गट देताना नावाऐवजी क्रमांक द्यावा, कारण नावाचा अर्थ इमेजच्या, म्हणजे कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्याच्या, आतल्या गट-यादीवरून लावला जातो आणि ती होस्टच्या यादीशी जुळेलच असे नाही. ग्राफिक्स कार्डासाठीच्या ‘रेंडर’ गटाचा क्रमांक तर एका वितरणाकडून दुसऱ्याकडे, कधी त्याच वितरणाच्या पुढच्या आवृत्तीतही, बदललेला आढळतो. तो होस्टवर विचारून घ्यावा, कोठून तरी उतरवून घेऊ नये.

एका वर्गाला परवानगी

झिग्बी डोंगल बहुधा सिरियल म्हणूनच दिसतो, त्यामुळे त्याला वरचेच लागू. पण लेबल छापणारा प्रिंटर, प्रयोगशाळेतले मापक किंवा सॉफ्टवेअर रेडिओ अशी उपकरणे लिब-यूएसबी या ग्रंथालयाच्या, म्हणजे प्रोग्रामांसाठीच्या तयार कोडच्या संचाच्या, मार्फत थेट यूएसबीच्या पातळीवर वापरली जातात. तेथे फाइलचे नाव बस क्रमांक आणि उपकरण क्रमांक यांचे बनते, आणि उपकरण क्रमांक प्रत्येक जोडणीला वाढतो: आज ००५, केबल हलली की ००६. नावानिशी परवानगी देण्याची रीत येथे दुपारपर्यंतही टिकत नाही.

यासाठी दोन गोष्टी एकत्र कराव्या लागतात. होस्टचा यूएसबी बसचा फोल्डर कंटेनरात जसाच्या तसा माउंट करायचा, म्हणजे नवी फाइल होस्टवर उगवली की आतही दिसते. आणि सीग्रुपला ‘१८९ मेजर, मायनर कोणताही, वाचणे-लिहिणे चालेल’ असा नियम द्यायचा. दोहोंपैकी एकच केले तर अर्धवट यश मिळते आणि तेच सर्वांत गोंधळात टाकणारे असते: फाइल दिसते, पण उघडत नाही. नियम कंटेनर तयार करतानाच द्यावा लागतो. चालत्या कंटेनरला तो मागाहून लावता येत नाही. संपूर्ण ‘डेव्ह’ फोल्डर माउंट करण्याचा मोह टाळावा, कारण मग कंटेनरचे स्वतःचे टर्मिनल आणि सामाईक स्मृतीचे फोल्डर झाकले जातात आणि होस्टचे आत येतात.

प्रिव्हिलेज्डच्या तुलनेत ही रीत फार सौम्य आहे, पण तिला निरुपद्रवी समजू नये. १८९ ला सरसकट मुभा म्हणजे त्या संगणकाच्या सर्व यूएसबी उपकरणांना मुभा. लिब-यूएसबी वापरणारा प्रोग्राम एखाद्या उपकरणावरून कर्नलचा ड्रायव्हर काढून स्वतः ताबा घेऊ शकतो, त्यामुळे बॅकअपची यूएसबी डिस्क त्याच संगणकाला जोडलेली असेल तर ती या कंटेनरच्या आवाक्यात आली असेच मानावे. शिवाय कंटेनरात यूडेव्ह चालत नसल्यामुळे उपकरण आल्या-गेल्याची सूचना प्रोग्रामला मिळत नाही. यूडेव्हचा ‘रन’मधला फोल्डर केवळ वाचण्यापुरता माउंट केल्याने उपकरणांची माहिती मिळू लागते, पण पुष्कळ प्रोग्रामांना दर काही सेकंदांनी स्वतःच पाहणी करण्यास सांगावे लागते.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत वर्गाची परवानगी देण्याला आणखी एक कारण असते. कर्नल ४.१६ पासून एकच यूएसबी कॅमेरा सहसा दोन फाइली निर्माण करतो, एक चित्राची आणि दुसरी त्यासोबतच्या माहितीची. म्हणून दुसरा कॅमेरा व्हिडिओ-१ नसून व्हिडिओ-२ असतो. एका चित्र-फाइलमधून एका वेळी एकच प्रोग्राम प्रवाह घेऊ शकतो हेही ध्यानात ठेवावे. दोन कंटेनरांना एकच कॅमेरा हवा असेल तर परवानगीच्या कोणत्याही रीतीने तो प्रश्न सुटत नाही.

रूटविना पॉडमॅन

डॉकर आणि रूटविना चालणारा पॉडमॅन यांच्यात निवड करणाऱ्याने एक मूलभूत फरक समजून घ्यावा. रूटविना कंटेनर वापरकर्त्याच्या नेमस्पेसमध्ये चालतो आणि तेथे नवी उपकरण-फाइल निर्माण करण्यास कर्नल मुळीच परवानगी देत नाही. म्हणून पॉडमॅन होस्टचीच फाइल आत माउंट करतो, आणि ती उघडेल की नाही हे सर्वस्वी त्या वापरकर्त्याला होस्टवर काय मुभा आहे यावर ठरते. सुरक्षेच्या दृष्टीने ही गोष्ट चांगलीच आहे: येथे प्रिव्हिलेज्ड लिहिले तरी वापरकर्त्याच्या स्वतःच्या अधिकारांपेक्षा अधिक काही मिळत नाही.

अडचण गटांची येते. वापरकर्ता होस्टवर डायलआउट गटात असला तरी नेमस्पेसच्या सीमेवर तो गट हरवतो आणि आतून फाइलचा गट ‘नोग्रुप’ दिसतो. ‘कीप-ग्रुप्स’ हा पर्याय दिल्यास मूळ गट टिकतात, मात्र त्यासाठी खालच्या थरात क्रन हा रनटाइम, म्हणजे कंटेनर प्रत्यक्ष सुरू करणारा प्रोग्राम, असावा लागतो. रनसी हा दुसरा रनटाइम असेल तर चालत नाही. फेडोरावर याउपरही नकार आला तर ‘कंटेनर-यूज-डिव्हाइसेस’ हे एसई-लिनक्सचे बुलियन (चालू-बंदची कळ) चालू करावे. त्या एका कंटेनरपुरते लेबलच बंद करण्याचा मार्गही आहे, पण त्यात पहारा पूर्णच उठतो. एकट्या माणसाच्या सर्व्हरवर, दोन-चार कायम जोडलेल्या उपकरणांसाठी, मी आज डॉकरपेक्षा हीच मांडणी निवडीन. सुरुवातीचा एक तास जास्त जातो, पण पुढे चूक झाली तरी तिची झळ एका वापरकर्त्यापुरती राहते.

ग्राफिक्स कार्डाचे निराळे प्रकरण

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत उपकरण-फाइल हा प्रश्नाचा अर्धाच भाग असतो आणि दुसरा अर्धा कार्ड कोणाचे आहे यावर ठरतो. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात आणि वरची ग्रंथालये, एएमडीसाठी मेसा आणि इंटेलसाठी तिचा मीडिया ड्रायव्हर, इमेजमध्ये ठेवता येतात, त्यामुळे व्हिडिओ रूपांतरासाठी रेंडर-डी-१२८ ही एक फाइल आणि रेंडर गटाचा क्रमांक दिला की काम होते. जेलीफिनसारख्या माध्यम सर्व्हरसाठी एवढेच लागते. एएमडीवर गणनेचे काम करायचे असेल तर केएफडी नावाची आणखी एक फाइल द्यावी लागते. ज्याला केवळ रूपांतर हवे आहे आणि कार्ड अजून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी कंटेनरच्या दृष्टीने हा सोपा रस्ता आहे.

एनव्हिडियाचे तसे नाही. तिच्या ड्रायव्हरचा जो भाग वापरकर्त्याच्या बाजूला चालतो त्याची आवृत्ती होस्टच्या कर्नलमधल्या भागाशी तंतोतंत जुळावी लागते, म्हणून ती ग्रंथालये इमेजमध्ये भरून ठेवता येत नाहीत. कंटेनर सुरू होताना होस्टवरून आत आणावी लागतात. २०१६ मध्ये याचसाठी एनव्हिडिया-डॉकर हे वेगळे साधन आले, आणि जुलै २०१९ च्या डॉकर १९.०३ पासून ‘जीपीयूज’ हा पर्याय डॉकरमध्येच मिळाला. तो लिहायला सोपा आहे, पण त्याच्या पाठीमागे एक हुक, म्हणजे कंटेनर सुरू होताना आपोआप चालणारा प्रोग्राम, काम करतो, जो रनटाइमला न सांगता कंटेनरच्या सीग्रुपमध्ये स्वतः परवानग्या घालतो. परिणाम असा, की होस्टवर कोणी सिस्टमडीला, म्हणजे होस्टच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामला, मांडणी पुन्हा वाचायला लावली, तर सिस्टमडी आपल्याला माहीत असलेलेच नियम परत लिहितो, हुकने घातलेले नियम नाहीसे होतात आणि सुरळीत चालणाऱ्या कंटेनरात एनव्हीएमएल या एनव्हिडियाच्या देखरेख-ग्रंथालयाची ‘अननोन एरर’ येते. होस्टवर एखादे पॅकेज अद्ययावत झाले तरी हे घडू शकते, आणि कारण कळेपर्यंत माणूस कार्डालाच दोष देत बसतो.

सीडीआय, म्हणजे कंटेनर डिव्हाइस इंटरफेस, ही रीत या दोषातून सुटते. कोणत्या उपकरणासाठी कोणत्या फाइली, कोणती ग्रंथालये आणि कोणते बदल लागतात हे यॅमल किंवा जेसन स्वरूपाच्या एका फाइलमध्ये आधीच लिहून ‘इटीसी’खालच्या सीडीआय फोल्डरात ठेवतात, आणि कंटेनर सुरू करताना ‘एनव्हिडियाचा जीपीयू, सर्व’ किंवा ‘क्रमांक ०’ असे उपकरणाच्या नावाने मागतात. रनटाइमला सर्व काही ठाऊक असल्यामुळे नियम हरवत नाहीत. पॉडमॅन ही पद्धत बऱ्याच आधीपासून समजतो. डॉकरमध्ये ती जानेवारी २०२४ च्या २५ व्या आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आली. ड्रायव्हर बदलला की वर्णनाची फाइल पुन्हा तयार करावी लागते, कारण तिच्यात ग्रंथालयांची आवृत्तीसह नावे असतात. ही एक जबाबदारी वाढते. तरी नवी मांडणी करणाऱ्याने जीपीयूजऐवजी सीडीआयच घ्यावी, याबद्दल मला शंका वाटत नाही.

कार्ड कंटेनरात पोचवणारे एनव्हिडियाचे टूलकिट रूटच्या अधिकाराने चालते आणि इमेजमधून आलेल्या गोष्टींवर काम करते, ही बाब नुसती सैद्धांतिक नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सीव्हीई-२०२४-०१३२ या क्रमांकाच्या सुरक्षा-त्रुटीमुळे खास रचलेली इमेज होस्टच्या फाइलींपर्यंत पोचू शकत होती. ती टूलकिटच्या १.१६.२ आवृत्तीत दुरुस्त झाली. त्या त्रुटीचा सीडीआय वापरणाऱ्या मांडणीवर परिणाम होत नव्हता. मात्र २०२५ मध्ये आणखी एक गंभीर त्रुटी निघाली आणि १.१७.८ मध्ये दुरुस्त झाली. तेव्हा परक्या इमेज चालवणाऱ्याने टूलकिटची आवृत्ती ड्रायव्हरइतकीच काळजीपूर्वक पाहावी.

उपकरण द्यावेच का?

आतापर्यंतच्या सर्व रीतींत उपकरण कंटेनरात नेले. त्याऐवजी उपकरण होस्टवरच ठेवून त्याचा प्रवाह तेवढा आत नेता येतो, आणि सिरियल उपकरणांच्या बाबतीत ही रीत जितकी वापरली जावी तितकी वापरली जात नाही असे मला वाटते. होस्टवर सेर-टू-नेट हा लहान प्रोग्राम चालवून वजनकाट्याचे पोर्ट एका टीसीपी पोर्टावर उपलब्ध करून द्यायचे. कंटेनरातला प्रोग्राम तेथे जोडून घेतो. झिग्बी-टू-एमक्यूटीटीसारखे प्रोग्राम फाइलच्या नावाच्या जागी टीसीपीचा पत्ता सरळ स्वीकारतात. वेग बदलणे किंवा नियंत्रण-तारा हलवणे आवश्यक असेल तर १९९७ च्या आरएफसी २२१७ या इंटरनेट-दस्तऐवजात त्याचीही सोय आहे. जीपीएससाठी जीपीएसडी २९४७ पोर्टावर, छपाईसाठी कप्स ६३१ पोर्टावर आणि ध्वनीसाठी पाइपवायरचे सॉकेट हेच काम वर्षानुवर्षे करत आले आहेत.

नावानिशी परवानगीशी ही रीत ताडून पाहिली तर फायदा-तोटा स्पष्ट दिसतो. केबल निघाली-लागली तर ते होस्टवरचा प्रोग्राम निस्तरतो. कंटेनरला फक्त तुटलेली जोडणी पुन्हा जोडावी लागते. कंटेनरला एकही उपकरण, गट किंवा जादा मुभा लागत नाही, आणि उद्या तो दुसऱ्या संगणकावर हलवला तरी पत्ता बदलला की झाले. उलट बाजूला, होस्टवर आणखी एक सेवा सांभाळावी लागते, आणि सेर-टू-नेटच्या साध्या जोडणीला कसलाही पासवर्ड नसतो, म्हणून ती सर्व पत्त्यांवर ऐकत ठेवणे म्हणजे वजनकाटा साऱ्या नेटवर्कला वाटून टाकणे होय. ती डॉकरच्या ब्रिजच्या, म्हणजे कंटेनरांना जोडणाऱ्या अंतर्गत जाळ्याच्या, पत्त्यावर, नेहमीच्या मांडणीत १७२.१७.०.१ वर, बांधावी. काही प्रोग्रामांना खरी फाइलच हवी असते, त्यांना हा मार्ग बंद आहे. ग्राफिक्स कार्डाला तर तो लागूच नाही.

इतर घरे

सर्व्हर नव्यानेच उभारायचा असेल आणि उपकरणे सतत काढली-घातली जाणार असतील, तर डॉकरच्या बाहेर पाहण्यास हरकत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये एलएक्सडी या कंटेनर-साधनापासून वेगळ्या झालेल्या इनकसमध्ये यूएसबी उपकरण निर्माता-क्रमांक आणि उत्पादन-क्रमांक सांगून देता येते. त्याची पार्श्वसेवा होस्टवरच्या घडामोडींवर लक्ष ठेवते आणि उपकरण जोडले की चालत्या कंटेनरात त्याची फाइल योग्य गटासह ठेवते. वर्गाला सरसकट परवानगी द्यावी लागत नाही आणि कंटेनर पुन्हा सुरूही करावा लागत नाही. डॉकरमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. मात्र इनकसचे कंटेनर मुख्यतः संपूर्ण प्रणालीसारखे असतात, आणि डॉकरच्या तयार इमेजांवर बेतलेली मांडणी तेथे हलवणे हे वेगळेच काम होऊन बसते.

अनेक संगणकांवर कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसविषयी थोडक्यात. होस्टची वाट माउंट केल्याने तेथे फाइल दिसते पण सीग्रुप अडवतो, म्हणून लोक प्रिव्हिलेज्डकडे वळतात; खरा मार्ग डिव्हाइस प्लगइनचा आहे, जो १.२६ आवृत्तीत, डिसेंबर २०२२ मध्ये, स्थिर म्हणून जाहीर झाला. त्यात उपकरणे पूर्णांकातच मोजली जातात. त्याहून लवचिक अशी डीआरए (डायनॅमिक रिसोर्स ॲलोकेशन) ही रीत ऑगस्ट २०२५ च्या १.३४ मध्ये स्थिर झाली. एका संगणकासाठी यांपैकी कशाचीही गरज नाही.

मॅक किंवा विंडोजवर डॉकर डेस्कटॉप वापरणाऱ्याने मात्र हे सर्व वाचून लगेच प्रयोग करू नये. तेथे कंटेनर एका आभासी यंत्रातल्या लिनक्सवर चालतात, त्यामुळे होस्ट म्हणजे आपला लॅपटॉप नसून ते आभासी यंत्र असते आणि यूएसबी उपकरण आधी तेथवर पोचावे लागते. विंडोजवर यूएसबी-आयपी-डी हे साधन उपकरण डब्ल्यूएसएल या विंडोजमधल्या लिनक्सपर्यंत नेते, आणि डॉकर डेस्कटॉपमध्येही ४.३५ आवृत्तीपासून यूएसबी-आयपीची, म्हणजे नेटवर्कवरून यूएसबी नेण्याची, सोय आहे. विकासापुरते ते ठीक. काट्याशेजारी कायम चालणाऱ्या सेवेसाठी जुनाच एखादा संगणक घेऊन त्यावर लिनक्स बसवणे स्वस्त पडते. आणि कंटेनरातला प्रोग्राम आपल्या भरवशाचाच नसेल, तर उपकरण देण्याची रीत बदलून भागणार नाही. तेव्हा आयओएमएमयू या, उपकरणाचा स्मृतीतला वावर मर्यादित ठेवणाऱ्या हार्डवेअर-सोयीच्या, साहाय्याने ते उपकरण संपूर्णपणे एका आभासी यंत्राच्या स्वाधीन करावे.

सुरुवातीच्या सर्व्हरपुरते सांगायचे तर मी वजनकाटा सेर-टू-नेटवर देईन, झिग्बी डोंगल ‘बाय-आयडी’च्या वाटेने नावानिशी, आणि कार्ड इंटेलचे असल्यास रेंडरची एक फाइल, एनव्हिडियाचे असल्यास सीडीआय. मांडणी झाल्यावर ती लगेच कामाला लावू नये. प्रत्येक केबल एकदा काढून पाच सेकंदांनी परत लावावी, मग दोन केबलींची पोर्टे आपसांत बदलून पाहावीत, मग उपकरण न जोडता संगणक बंद-चालू करावा, आणि शेवटी कार्डावर काम सुरू असतानाच सिस्टमडीची मांडणी पुन्हा वाचायला लावून पाच मिनिटे नोंदवही पाहत बसावे.